साझाएबाईंचं माहेर

मैत्रिणींनो, परदेशी गेलेल्या बाईची काय, मजाच मजा, असं तुम्हांला वाटत असेल. मलाही वाटलं होतं! २०१६ साली ह्यांच्या नोकरीनिमित्त आम्ही रत्नागिरीहून टोकियोला आलो. निशिकासाई भागात आपली मंडळी बरीच, तूरडाळीलाही तोटा नाही. पण हे सकाळी जायचे ते रात्रीच उगवायचे. बी. ए.ची पदवी बॅगेत आणि मी चार भिंतींत!

अशाच एका रविवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्ही लावला आणि साझाएसान भेटल्या. 'सान' म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'राव', बरं का! हे कार्टून १९६९ पासून दर रविवारी लागतं. मूळ चित्रकथा माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ मध्ये वर्तमानपत्रातून सुरू केली. भाषा कळेना, पण घर कळलं. सात माणसं आणि एक मांजर! नावं तर सगळी समुद्रातली. भाऊ कात्सुओ म्हणजे चक्क एक मासा. आम्हां कोकणातल्यांना आपलीच वाटावीत अशी माणसं!

शेवटी साझाएसान बघणाऱ्यांशी दगड-कागद-कात्री खेळतात. मीही रिकाम्या खोलीत हात पुढे करी. हसू नका हं! आठवडाभरात माझ्याशी खेळणारी ती एकटीच होती.

हळूहळू शब्द उमगू लागले, तसं ध्यानात आलं, की घरातले आजी-आजोबा हे साझाएसानचे आईवडील. म्हणजे जावई स्वतःचं आडनाव राखून खुशाल सासुरवाडीला राहतो!

त्या दिवशी घास गिळवेना. २०१८ मध्ये माझे वडील गेले होते. आई रत्नागिरीला एकटी आणि मी तिची एकुलती एक. "ये" म्हटलं, की तिचं एकच, "लेकीकडे कशी राहू गं? जावयाला काय वाटेल?"

रात्री धीर करून ह्यांना म्हटलं, "साझाएसानकडे चालतं, मग आपल्याकडे का नाही?"

हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "मी कधी नको म्हटलं? तू विचारलंच नाहीस."

खरंच की! मनातल्या मनात त्यांचा नकार मीच ठरवून टाकला होता.

२०१९ मध्ये आई नव्वद दिवसांच्या व्हिसावर आली. साकुराशिनमाचीला साझाएसानच्या कुटुंबाचे ब्राँझचे पुतळे आहेत, ते दाखवायला तिला नेलं. तिनं पहिलं विचारलं, "यातला जावई कुठला?" मग निरखून म्हणाली, "सुखी दिसतो हो!" त्या रविवारी खेळात ती पहिल्याच डावात जिंकली.

पुढे कोरोनात वाटा बंद झाल्या, पण आता आई पुन्हा येऊ लागली आहे. मी आठवड्यातून दोन दुपारी मुलांना इंग्रजी शिकवते. घरी परतते, तेव्हा दार उघडायला कुणीतरी असतं.

तुमची आईही 'लेकीकडे कशी येऊ' म्हणते का? मग घरात एकदा विचारून तर बघा. कदाचित विचारायचंच राहून गेलं असेल!