सातशेचा आकडा आणि मोलगीचं आमचूर

एमबीए प्रवेशासाठीच्या नव्या जीमॅट परीक्षेत ७०० गुण कुणालाच मिळू शकत नाहीत. या परीक्षेचे गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर असतात आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी ५ येतो. ६९५ मिळतील, ७०५ मिळतील, ७०० नाहीत. तरीही परदेशात एमबीए करायचं असं मी म्हटलं, की समोरचा पहिल्यांदा हेच सांगायचा: सातशे तरी पाहिजेत. पुण्यातल्या क्लासमध्ये तेच ऐकलं, कंपनीतल्या साहेबांकडून तेच ऐकलं आणि अमेरिकेत शिकून आलेल्या एका ओळखीच्या दादानेही तेच सांगितलं.

मी अक्कलकुवा तालुक्यातली, मोलगीच्या बाजूच्या एका पाड्यावरची. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. जीमॅटचं नाव काढल्यावर याहाने, म्हणजे आईने, एवढंच विचारलं होतं की पास व्हायला किती लागतात. या परीक्षेत पास-नापास नसतंच हे तिला समजावताना मलाही जाणवलं, की आपण ज्या परीक्षा देत मोठे झालो त्यांच्याहून हिचा हिशेब वेगळा आहे आणि तो आधी नीट कळून घ्यायला हवा.

सातशे हा आकडा जुन्या परीक्षेचा. ती २०० ते ८०० गुणांची होती आणि ३१ जानेवारी २०२४ ला कायमची बंद झाली. नवी परीक्षा ७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाली आणि तिची पट्टी वेगळी ठरवली गेली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच दोन्ही पट्ट्यांची तुलना करणारं कोष्टक दिलंय. त्यात जुन्या ७०० च्या जागी नवे ६४५ येतात. म्हणजे ज्या मुलीला सरावात ६४५ मिळालेत ती जुन्या सातशेवाल्यांच्याच रांगेत उभी आहे. हे सांगणारं कुणी जवळ नसेल तर ती अर्जच भरणार नाही. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण त्यांचा आकडा जुना आहे आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यात तो तपासून देणारी माणसं फार थोडी आहेत. मी हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

मला ६१५ मिळाले. चार परीक्षार्थींपैकी साधारण तिघांच्या पुढे, असा त्याचा अर्थ. एमएचटी-सीईटीमुळे पर्सेंटाइल आपल्याकडे घरोघरी पोचलाय, त्यामुळे पंचाहत्तर पर्सेंटाइल आणि पंचाहत्तर टक्के यांतला फरक आमच्या मुलांना समजतो. सांगावं लागतं ते वेगळंच. नव्या परीक्षेचे तीन विभाग आहेत: गणिताचे २१ प्रश्न, भाषेचे २३ आणि डेटा इनसाइट्सचे २०. प्रत्येकाला ४५ मिनिटं. प्रत्येक विभागाला ६० ते ९० मधले गुण मिळतात, मात्र तिन्हीकडे सारख्या आकड्याची किंमत सारखी नसते. डेटा इनसाइट्समधले ८० हे गणितातल्या ८० पेक्षा बऱ्याच वरच्या पर्सेंटाइलला असतात, कारण त्या विभागात सगळेच अडखळतात. तक्ते, आलेख, एकमेकांशी न जुळणारे दोन-तीन अहवाल समोर ठेवून त्यांतून उत्तर काढायचं असतं. माझे सर्वांत चांगले गुण तिथेच आले. चार वर्षं धडगावच्या बाजूला एका शेतकरी उत्पादक कंपनीत खरेदी आणि हिशेब सांभाळले होते. तीन वह्यांत तीन वेगळी वजनं आणि त्यांतून खरं वजन शोधणं हे माझं रोजचं काम होतं.

भाषेच्या विभागाने मात्र घाम काढला. घरी भिली, आश्रमशाळेत मराठी, आणि इंग्रजी आली ती पाठ्यपुस्तकातून. नव्या परीक्षेत व्याकरणाची वाक्यं दुरुस्त करण्याचे प्रश्न काढून टाकलेत. आता उतारा वाचायचा आणि लेखकाचा युक्तिवाद कुठे लंगडा पडतो ते ओळखायचं. आमच्यासारख्यांना हा बदल सोयीचाच आहे, असं मला मनापासून वाटतं. युक्तिवाद तपासायला इंग्रजी घरात जन्मावं लागत नाही. भरपूर वाचावं मात्र लागतं. संस्थेच्या दोन सराव परीक्षा फुकट मिळतात. त्या मी नंदुरबारला अभ्यासिकेत बसून दिल्या, कारण मोलगीकडे नेट मध्येच जातं आणि घड्याळ चालूच राहतं. परीक्षा संगणकावर होते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे-अवघड होत जातात. त्यामुळे दोघांचे सारखेच प्रश्न चुकले तरी गुण वेगळे येऊ शकतात. शेवटचे प्रश्न कोरे सोडले तर नुकसान जास्त. विभाग संपताना वेळ उरला तर मागे जाऊन तीन उत्तरं बदलता येतात.

परीक्षेआधीचं माझं सगळ्यांत लांबलेलं काम होतं नावाचं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि आईचं नाव वेगळं. परदेशी अर्जात पहिलं नाव आणि शेवटचं नाव अशा दोनच चौकटी. परीक्षेची नोंदणी पासपोर्टवर जसं नाव आहे अगदी तसंच करावी लागते, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला दिला गेला. त्यामुळे आधार आमच्याकडे लहानथोरांकडे आहे. पण पुण्याच्या केंद्रावर मला ओळख म्हणून पासपोर्टच दाखवावा लागला. पाड्यावर पासपोर्ट काढलेलं तोवर कुणी नव्हतं. पोलीस पडताळणीला माणूस घरी आला तेव्हा बाबा घाबरून शेतातून पळत आले होते.

गुण हातात आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला: ६१५ चं करायचं काय? बिझनेस स्कूल आपल्या वर्गाची माहिती दरवर्षी छापतात आणि त्यात सरासरी किंवा मध्यक दिलेला असतो. लोक त्यालाच कटऑफ समजतात. मध्यक म्हणजे प्रवेश मिळालेल्यांपैकी निम्मे त्याच्या खाली होते. हार्वर्ड बिझनेस स्कूलचा मध्यक जुन्या परीक्षेत अनेक वर्षं ७३०-७४० च्या आसपास होता. तरी त्याच वर्गांत पाचशेच्या घरातल्या गुणांवर प्रवेश मिळालेलेही सापडतात. मी सरासरी बघणं सोडलं आणि मधल्या ऐंशी टक्क्यांचा पट्टा बघू लागले. त्या पट्ट्याच्या तळाशी का होईना, आपण बसतो का? बसत असू तर पुढचा अर्ज गुणांपलीकडच्या गोष्टींवर ठरणार.

पदवीच्या टक्क्यांचंही तसंच. माझी बी.कॉम.ची पदवी जळगावच्या विद्यापीठाची, ६३ टक्के. अमेरिकेत कुणाला ६३ सांगितले तर त्याला ते काठावर पास झाल्यासारखे वाटतील. आपल्याकडे तो प्रथम वर्ग आहे. इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांना भारतीय टक्के वाचायची सवय आहे आणि ते कोणत्या विद्यापीठाचे किती टक्के चालतील हे छापून देतात. शिवाय आमच्या विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये बदललं. माझ्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि पदवीवर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. दोन वेगळी विद्यापीठं वाटू नयेत म्हणून अर्जात दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडलं. कुणी विचारलं नसतं कदाचित, पण हजारो मैलांवर बसून फाइल वाचणाऱ्याला बहिणाबाई कोण हे कसं ठाऊक असणार?

कुठे अर्ज करायचा हे गुणांइतकंच पैशांनी ठरवलं. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे, एमबीएलाही मिळते. तिची अट अशी की विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत हवं. ही क्रमवारी सगळे विषय शिकवणाऱ्या विद्यापीठांची असते. इन्सियाड आणि लंडन बिझनेस स्कूल या जगात नावाजलेल्या संस्था फक्त व्यवस्थापन शिकवतात, म्हणून त्या यादीत दिसतच नाहीत. क्लासमध्ये सगळे ज्या शाळांची नावं घेत होते त्यांतल्या काही माझ्यासाठी तिथेच संपल्या. उलट वॉरिक, मँचेस्टर, लीड्स या विद्यापीठांच्या आत बिझनेस स्कूल आहेत आणि ती विद्यापीठं पहिल्या शंभरात येतात. इंग्लंडचं एमबीए बहुतेक ठिकाणी एका वर्षाचं, त्यामुळे खर्चही निम्म्यावर. साधारण तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागतात. तो माझ्याकडे होता. मी तिकडेच वळले. आयईएलटीएसमध्ये ७ बँड आले, तेवढेच बहुतेक ठिकाणी लागतात. त्याचा निकाल दोनच वर्षं चालतो, जीमॅटचा पाच वर्षं. म्हणून जीमॅट आधी द्यावी आणि इंग्रजीची परीक्षा अर्जाच्या तोंडावर द्यावी.

निबंधात एक प्रश्न होता: तुमच्या एखाद्या निर्णयाने इतरांचं काय बदललं? मी आमचूर लिहिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात बाया कैऱ्या सोलून, चकत्या करून उन्हात वाळवतात. आमचूर पांढरं राहिलं तर भाव मिळतो. वळवाचा पाऊस लागला की काळं पडतं आणि भाव कोसळतो. बी-बियाणाला पैसा लागतो नेमका त्याच दिवसांत, म्हणून चांगला-वाईट सगळा माल एकाच भावात व्यापाऱ्याला जातो. कंपनीत असताना मी दोन प्रतींत खरेदी सुरू करायला लावली आणि पैसे बाजाराच्या दिवशीच हातात द्यायचे ठरवलं. पुढच्या हंगामात व्यापाऱ्यांनीही पांढऱ्या मालाचा भाव वाढवला.

मुलाखत व्हिडिओवर झाली, पाऊण तास. स्कोअरचा शब्दही निघाला नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आमचूरवरच बोट ठेवलं: व्यापाऱ्यांनी भाव वाढवल्यावर तुमच्या कंपनीकडे येणारा माल कमी झाला का? झाला होता. मग तुमचा निर्णय फसला असं का म्हणू नये? मी त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. कंपनीची खरेदी घटली, पाड्यांवरच्या बायांच्या हातात मात्र आधीपेक्षा जास्त पैसे आले, मग ते कंपनीकडून आले असोत की व्यापाऱ्याकडून. आमच्या कंपनीच्या मालक त्याच बाया आहेत. तेव्हा नफा कुठे मोजायचा हाच माझा प्रश्न आहे आणि तो शिकायलाच मला यायचंय, असं मी म्हणाले. त्यावर त्या बराच वेळ प्रश्न विचारत राहिल्या आणि मला पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी माझं काम समजून घेतंय.

एका विद्यापीठाचा नकार आला, एकाची वेटिंग लिस्ट, आणि उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने प्रवेश दिला. आधी सशर्त, मूळ पदवी आणि ट्रान्सक्रिप्ट पोचल्यावर बिनशर्त. शिष्यवृत्तीला बिनशर्त ऑफर लेटरच लागतं, म्हणून मी कागदपत्रांची घाई केली होती. जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीपासून तयार होते. अडचण तारखांची होती. विद्यापीठाला जागा राखायला आगाऊ रक्कम हवी होती आणि शिष्यवृत्तीची निवड त्यानंतर होणार होती. मी प्रवेश विभागाला सगळी स्थिती लिहून मुदत मागितली. त्यांनी दिली, आणि वर विचारलं की अशी मुदत मागणारे आणखी अर्जदार तुमच्या भागातून येणार आहेत का. निवड झाल्याचं पत्र त्या मुदतीत आलं.

परीक्षेची सुमारे २७५ डॉलरची फी आणि आयईएलटीएसचे पैसे मात्र हे सगळं सुरू होण्याआधी भरावे लागतात. शिष्यवृत्ती मिळते ती प्रवेशानंतर. माझ्याकडे पगार होता. आश्रमशाळेतून थेट पदवीला आणि पदवीतून घरी परतलेल्या मुलीकडे तो नसतो, आणि दरवाजा तिथेच बंद होतो. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयातल्या साहेबांना मी लेखी विनंती केली आहे, की निवडक उमेदवारांना ही फी आगाऊ मिळावी. सातशेच्या अफवेइतकीच ही रक्कमही अडवते.

सध्या रविवारी अक्कलकुव्याला आठ-दहा मुलंमुली जमतात. जुन्या आणि नव्या पट्टीचं कोष्टक छापून मी भिंतीला लावलंय. पुढच्या राउंडला दोघी अर्ज करतायत. एकीचे गुण आलेत, दुसरीच्या पासपोर्टवर आडनाव चुकीच्या चौकटीत छापून आलंय. ते दुरुस्त झाल्याशिवाय तिची परीक्षेची तारीख घेता येत नाही, म्हणून उद्या तिला घेऊन मी जातेय.