इसार देण्यापूर्वी

मोटार घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न आमच्या घरी कधी वादाचा झालाच नाही. आईच्या हृदयविकारावर नांदेडला उपचार सुरू झाले आणि परतीच्या एस.टी.त उभे राहण्याचे तिचे त्राण सरले, तेव्हाच तो निकालात निघाला. वाद झाला तो मोटार नवी घ्यावी की वापरलेली, यावर. 2023 साल होते, माझे वय सव्वीस वर्षांचे होते, आणि आयुष्यातील पहिली मोठी खरेदी करावयास निघालेल्या माणसाला जे जे सल्लागार भेटतात ते सर्व मला भेटत होते. त्या काळात मी जे शिकलो ते आमच्या भागातील तरुणांच्या उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते, म्हणून हा वृत्तान्त लिहीत आहे.

आमचे भैंसा आज तेलंगणातील निर्मळ जिल्ह्यात आहे, 2016 च्या ऑक्टोबरपर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि त्याच्याही आधी, निजामी अमलात व पुढे हैदराबाद राज्यात, नांदेड जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मुधोळ तालुक्यातील मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली, आणि आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे आले. कागदोपत्री झालेल्या या वाटणीने आमचे सोयरसंबंध मात्र तुटले नाहीत. लग्ने भोकर-धर्माबादकडे होतात, दुखणी नांदेडला जातात, आणि कल्याणकडून येणारा 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग नांदेड, भोकर करीत आमच्या गावातून निर्मळला जातो. माणसांना ही सीमा कधी अडली नाही. मोटारीला मात्र ती अडते, आणि कशी अडते हे पुढे येईलच.

मी येथील एका खासगी महाविद्यालयात गणित शिकवितो. पगार त्या वेळी सव्वीस हजार होता आणि नेमणूक वर्षाच्या कराराची होती. दर जूनमध्ये नवा करार लिहिला जाई. माझ्या वयाच्या बहुतेक मित्रांचे मत नव्या गाडीच्या बाजूने पडले, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही: नव्या गाडीचा पूर्वेतिहास कोरा असतो, हमी असते, आणि बँकेचे कर्जही स्वस्त मिळते. परंतु माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कापसाच्या अडतीवर हयातभर मुनीम होते, आणि हिशेब कागदावर उतरल्याखेरीज त्यांचे मत बनत नसे. एका रात्री त्यांनी जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानावर दोन रकाने पाडले. नवी लहान मोटार कर, विमा व नोंदणी धरून सात लाखांची. माझी शिल्लक अडीच लाख. उरलेल्या साडेचार लाखांवर नऊ टक्के दराने पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे 9,300 रुपये आणि व्याजापोटी एक लाख दहा हजार. चार वर्षे वापरलेली तशीच मोटार चार लाख वीस हजारांना. कर्ज एक लाख सत्तर हजार. दर तेरा टक्के, म्हणजे चढा, पण दोन वर्षांत फेडावयाचे असल्याने व्याज चोवीस हजारांच्या घरात. हप्ता दोन्हीकडे आठ-नऊ हजारांचाच, पण एकीकडे चोवीस महिने आणि दुसरीकडे साठ. अण्णांनी टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "लेकरा, तुझी नोकरी बारा महिन्यांची हाय, अन् कर्ज साठ महिन्यांचं घेतोस. मधल्या अठ्ठेचाळीस महिन्यांचा जामीन कोन?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि करारावर काम करणाऱ्या कोणत्याही तरुणापाशी ते असेल असे मला वाटत नाही. व्याजाच्या दराकडे सगळे पाहतात. कर्जाची मुदत आणि नोकरीची मुदत शेजारी शेजारी मांडून फार थोडे पाहतात.

घसाऱ्याचा हिशेब तर याहूनही स्पष्ट होता. विम्यासाठी मोटारीचे मूल्य ठरविण्याचा जो रूढ तक्ता आहे, त्यात पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाअखेर पंधरा, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी तीस, चौथ्या वर्षी चाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास टक्के घट धरतात. बाजारभाव या तक्त्याशी तंतोतंत जुळत नाही, चांगल्या नावाच्या गाडीचा भाव सावकाश उतरतो. परंतु दिशा तीच. पहिला मालक जी घट सोसतो ती आपण सोसावयाची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. हा न्याय सर्वकाळ खरा होता असे नव्हे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या, पण परवान्यांच्या त्या जमान्यात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि हाती असलेली वापरलेली मोटार कित्येकदा नवीहून अधिक रकमेला विकली जाई. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि ते दिवस हळूहळू मागे पडले. अण्णांच्या पिढीला जुनी मोटार घेणे ही नाइलाजाची गोष्ट वाटे. आमच्या पिढीला ती विचारपूर्वक करता येते.

नव्या गाडीच्या बाजूचा एकच मुद्दा मला खरोखर अस्वस्थ करीत होता, तो सुरक्षिततेचा. आजारी आईला घेऊन महामार्गावर कापसाने लादलेल्या ट्रकांच्या मधून जावयाचे, तर चार पैशांसाठी जुन्या बांधणीची मोटार घेणे मला पटेना. चौकशीअंती कळले ते असे की, एप्रिल 2019 पासून बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला चाके न अडकू देणारी ब्रेकयंत्रणा आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकासमोरील एअरबॅग शासनाने सक्तीची केली. शेजारच्या आसनासमोरील एअरबॅगची सक्ती त्यानंतर, 2021 सालची. तेव्हा प्रत्यक्ष खात्री होईपर्यंत ती गृहीत धरावयाची नाही. मी अट घातली: गाडी वापरलेली चालेल, पण एप्रिल 2019 नंतर बांधलेली हवी, आणि पुढे दोन्ही एअरबॅगा हव्यात. या अटीने स्वस्तातल्या बहुतेक गाड्या बाद झाल्या. तडजोड कशात करावयाची नाही हे आधी ठरविले की बाकीचे निर्णय हलके होतात.

भोकरचे मामा मात्र नांदेडच्या गाडीवर अडून बसले. नांदेड मोठे शहर, तेथे वापरलेल्या मोटारींचा बाजार मोठा, निवड भरपूर, आणि भाव आमच्याकडील भावापेक्षा वीस-तीस हजारांनी कमी. येथे ती सीमा आडवी आली. नांदेडची गाडी, म्हणजे एम.एच. 26 ची, कायम तेलंगणात ठेवावयाची तर आधी नांदेडच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा, त्यासाठी 28 क्रमांकाचा नमुना. मोटार वाहन कायद्याच्या 47 व्या कलमाप्रमाणे परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर इकडची नवी नोंदणी हवी. आणि त्या वेळी गाडीच्या वयानुसार कमी केलेल्या दराने का होईना, तेलंगणाचा आजीवन कर भरणे आले. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्याचा अर्ज, त्याची वाट पाहणे आणि हेलपाटे हे सारे ज्याचे त्याने करावयाचे. हिशेब मांडला तेव्हा भावातील फरक करात जिरून वर खर्च निघाला. मामा म्हणाले, "भाच्या, नाव सावकाश करता येते की, गाडी तर आपल्याच दारात उभी राहणार." आमच्याकडे असे कित्येकजण करतात. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट सांगितले आहे की, अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, मग गाडी कितीही हातांतून फिरलेली असो. मामांचा मान राखून मी त्यांना सांगितले की, दुसऱ्याच्या नावाच्या गाडीत मी आईला बसविणार नाही, आणि माझ्यासाठी कोण्या परक्या गृहस्थाला न्यायालयात उभे करणार नाही.

पाहिलेल्या गाड्यांपैकी एक मला फार आवडली होती. पांढरी, चकचकीत, रनिंग कमी, आणि किंमत मागावी तशी. सोबत आमच्या गल्लीतील वयोवृद्ध मिस्त्री होते, ज्यांना सारे गाव चाचा म्हणते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. चालकाच्या आसनाचा पट्टा त्यांनी मुळापर्यंत, अगदी शेवटच्या वितीपर्यंत, बाहेर ओढला आणि माझ्या हाती दिला. एरवी जो भाग आत गुंडाळलेला राहतो तेथे विणीच्या रेघांमध्ये पिवळट गाळ वाळून बसला होता. नखाने खरवडला तर त्याची भुकटी झाली. "बेटा, ये पानी में खडी थी," ते म्हणाले. मग मागच्या डिकीतील सतरंजी उचलून त्यांनी जादा चाकाच्या खळग्यातील गंज दाखविला, आणि काचांच्या कोपऱ्यातील सालाचे आकडे वाचावयास लावले. तीन काचा एका सालच्या, चौथी वेगळ्या. 2021 च्या जुलैतील अतिवृष्टीत निर्मळ आणि भैंसा या दोन्ही गावांच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या वरून धुऊन-पुसून बाजारात येणारच. ती गाडी कोठल्या पाण्यात होती ते विचारण्याची गरजच उरली नाही. पाणी शिरलेल्या गाडीची विजेची जोडणी आज चालते आणि सहा महिन्यांनी रस्त्यात दगा देते, एवढे चाचांनी येताना सांगितले.

शेवटी गाडी मिळाली ती निर्मळच्या एका निवृत्त गुरुजींची. 2019 च्या जूनमध्ये घेतलेली वॅगन आर, एका हाताची, टी.एस. 18 ची. ते मुलाकडे हैदराबादला राहावयास चालले होते. आमचे बोलणे तेलुगूतून झाले, भावाची घासाघीस थोडीच झाली. कारण त्यांनी सर्व्हिसच्या पावत्या तारीखवार लावून ठेवल्या होत्या आणि पावतीवरील किलोमीटर, पायाखालच्या पॅडलच्या रबराची झीज आणि टायरांवरील आठवडा व साल यांचा परस्परांशी मेळ बसत होता. पट्टा मी स्वतःच मुळापर्यंत ओढून पाहिला. विमा कंपनीकडे भरपाईची मागणी झाल्याची नोंद नव्हती, दंडाची पावती थकलेली नव्हती. बँकेचे कर्ज फिटले होते, मात्र आर.सी.वर बँकेचे नाव अद्याप तसेच होते. तेव्हा अण्णांनी इसाराची रक्कम खिशातच ठेवली आणि बँकेचा बेबाकी दाखला व 35 क्रमांकाचा नमुना आणून तो बोजा आधी उतरवून घ्यावा अशी विनंती केली. गुरुजींनी राग मानला नाही. उलट, आपल्या विद्यार्थ्याने असेच वागावे असे म्हणाले. बोजा उतरला, 29 व 30 क्रमांकाच्या नमुन्यांवर सह्या झाल्या, आणि विमाही माझ्या नावे झाला. दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट विकणाऱ्याचीच असते, ती गाडीबरोबर येत नाही; म्हणून त्या वर्षी हप्ता थोडा जास्त पडला.

कर्ज 2025 मध्ये, ठरल्या मुदतीत फिटले. त्याच सालच्या सप्टेंबरात लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. तेव्हा आज हिशेब करणाऱ्याने माझे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, ते दोन रकाने स्वतः पाडावेत. परंतु नोकरी कराराची असेल आणि घर सीमेवर असेल, तर माझा कौल आजही वापरलेल्या मोटारीलाच आहे: आपल्याच राज्यात नोंदलेल्या, एका हाताच्या, एप्रिल 2019 नंतरच्या. आणि कितीही ओळखीचा मनुष्य असला, तरी आर.सी.वरील बोजा उतरल्याखेरीज इसाराचा एक रुपयाही कोणी देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.