अर्ध्या मनाची वकिली

इराकयुद्धाला 2002 सालीच शिकागोत जाहीर विरोध करून ज्यांनी नाव कमावलं, त्या बराक ओबामांवर 2013 साली सीरियावरच्या हल्ल्याची वकिली करायची वेळ आली. अंगाशी आलं होतं त्यांचंच वाक्य. रासायनिक अस्त्रं वापरलीत तर ती आमच्यासाठी लाल रेषा, असं ते आदल्या ऑगस्टमध्ये पत्रकारांपुढे बोलून गेले होते. 21 ऑगस्ट 2013च्या पहाटे दमास्कसजवळच्या घौता भागात सारिन हा विषारी वायू भरलेली रॉकेटं पडली. अमेरिकी सरकारच्या हिशेबानं 1,429 माणसं मेली, त्यांत 426 मुलं.

29 ऑगस्टला ब्रिटिश पार्लमेंटनं पंतप्रधान कॅमेरॉन यांचा सीरियावरच्या कारवाईचा ठराव 285 विरुद्ध 272 मतांनी पाडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओबामा आपले चीफ ऑफ स्टाफ डेनिस मॅकडोना यांच्याबरोबर व्हाइट हाउसच्या हिरवळीवर फेऱ्या मारत राहिले आणि आत आले ते अमेरिकी संसदेची, म्हणजे काँग्रेसची परवानगी मागायचं ठरवूनच. विरोधकांनी याला शेळपटपणा म्हटलं. मला तो निर्णय धूर्त वाटतो आणि तरीही बरोबर. दोनच वर्षांपूर्वी लिबियावर बॉम्ब टाकताना याच गृहस्थांना काँग्रेसची आठवण झाली नव्हती. आता पापात वाटेकरी हवा होता, हे उघड आहे. पण हेतू गढूळ होता म्हणून विचारणं चूक ठरत नाही. आपल्याकडे 1987 साली श्रीलंकेत शांतिसेना उतरली ती करारावर सह्या झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. संसदेला आधी विचारण्याची भानगडच नव्हती. हजारावर जवान परत आले नाहीत.

अमेरिकेत निदान वाद तरी झाला. तो मात्र बघण्यासारखा होता. सिनेटच्या समितीपुढे परराष्ट्रमंत्री जॉन केरी हल्ल्याची बाजू मांडत होते आणि हल्ला व्हावा म्हणून सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारे सिनेटर जॉन मॅकेन फोनवर पोकर खेळताना कॅमेऱ्यात सापडले. पुढच्या आठवड्यात लंडनमध्ये केरींनी सांगून टाकलं की हल्ला अगदीच लहानसा असेल. दुसऱ्या दिवशी ओबामांना देशापुढच्या भाषणात खुलासा करावा लागला, की आमचं सैन्य टाचण्या टोचत नाही.

ते भाषण भारतात 11 सप्टेंबरला सकाळी साडेसहाला लागलं. दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन आदल्या दिवशी झालेलं, घरात अजून मखराचे पुठ्ठे पसरलेले, आणि टीव्हीवर हा माणूस मेलेल्या लेकरांना 'उठा' म्हणून विनवणाऱ्या बापाबद्दल बोलत होता. मग त्यानं स्वतःच्याच विरोधात आलेली पत्रं सांगितली: इराकमधून आम्ही अजून सावरलो नाही, देश युद्धाला विटलाय. त्यांना उत्तरंही दिली. आणि शेवटी काय मागितलं? काँग्रेसमधलं मतदान पुढे ढकला!

मी त्यावर हसलो नाही. समोरच्याची बाजू इतकी नीट समजलेला माणूस युद्ध विकू शकत नाही, आणि त्यानं ते विकू नये असंच मला वाटतं. खटकलं ते वेगळंच. त्या दोन आठवड्यांत वाद घौतातल्या मुलांवरून सरकत सरकत अमेरिकेच्या शब्दाला वजन उरलं की नाही, यावर येऊन ठेपला होता. बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघंही त्याच एका प्रश्नावर घसा कोरडा करत होते.

सुटका रशियानं केली. सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असाद यांनी अस्त्रं सोपवली तर हल्ला टळेल, हे केरींच्या तोंडून निघालेलं वाक्य रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी झेललं आणि जीनिव्हात करार झाला. सुमारे 1,300 टन रसायनं सीरियाबाहेर गेली. बॉम्बहल्ल्यानं हे साधलं नसतं. पण सगळी गेली नव्हती. एप्रिल 2017मध्ये सीरियातल्या खान शेखूनमध्ये पुन्हा सारिन पडला आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी शायरातच्या हवाई तळावर 59 टॉमाहॉक क्षेपणास्त्रं सोडली. काँग्रेसला विचारल्याशिवाय सीरियावर हल्ला करणं ही घोडचूक ठरेल, असं 2013मध्ये ओबामांना ट्विटरवर बजावणारे ट्रम्प हेच. या वेळी ना परवानगी मागितली गेली, ना मतदान झालं, आणि ओबामांना शेळपट म्हणणाऱ्यांतल्या पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या.