श्रमदान केलं, पाण्याचा वाटा कुणाचा?

गावोगावी उन्हाळ्यात शेतकरी आपखुशीने चर खणतात, बांध घालतात. सक्ती नसते. काम चांगलंच आहे. माझ्या गावीही २०१८ च्या मे महिन्यात झालं. मी कारकून माणूस, दोन दिवसांची रजा टाकून गेलो. टिकाव मारणारे निम्मे हात आपल्या वस्तीतले, बहुतेक भूमिहीन. पावसाळ्यात खालच्या शिवारातल्या विहिरी भरल्या. त्या कुणाच्या, हे वाचकांना सांगायला नको. आक्का म्हणाली, "दादा, आमच्या वाट्याला घागरभर आलं, बाकी उसाला गेलं."

पाणी पिण्याचा हक्क महाडला १९२७ साली बजावला. शेतीच्या पाण्याचा हिशेब अजून कुणी मांडत नाही.

पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला मात्र तो मांडला गेला. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरांवर नाही, घरातल्या डोक्यांवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला फार तर अडीच एकर. मग शंभर एकरवाला असो की दोन एकरवाला! ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांचा. (फुकटचं पाणी कुणी जपत नाही, हे माझं मत.)

आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. त्या पाण्याच्या जोरावर त्याने दुसऱ्याचं रान वाट्याने कसावं. जमीन विकली तरी पाणी तिच्यासोबत विकलं जात नसे.