बंद पडली काय रं?

आमची गाडी अधूनमधून स्वतःहून बंद होते. बिघडलेली नाही हो, तिला बनवलंयच तसं. सिग्नलला थांबलात, न्यूट्रल केलं, क्लचवरचा पाय उचलला की इंजिन गप्प. पुन्हा क्लच दाबला की सुरू. कंपनीच्या पुस्तकात याला ऑटो स्टार्ट-स्टॉप म्हणतात. आमचे अण्णा याला "बंद पडली काय रं?" म्हणतात. गाडी घेऊन चार वर्षं झाली, मी किमान पन्नास वेळा समजावून सांगितलं, तरी प्रश्न तोच आणि काळजीचा सूरही तोच.

त्यांचीही चूक नाही म्हणा. वरकुट्याच्या (इंदापूर तालुक्यात वरकुटे दोन आहेत, बुद्रुक आणि खुर्द; आमचं कोणतं ते ओळखा!) आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. ते सुरू करणं म्हणजे व्यायामच. एका हाताने वरची खिट्टी उचलून धरायची, दुसऱ्याने हँडल गरागरा फिरवायचं, वेग आला की खिट्टी सोडायची आणि हँडल झटकन काढून घ्यायचं. नाही काढलं तर मनगटाचं काही खरं नाही. असं इंजिन एकदा धडधडायला लागलं की पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचेस्तोवर कोण बंद करणार? पुढे काही वर्षं अण्णांनी जीप चालवली. ती नेहमी उतारावर लावलेली असायची, आणि उतार नसेल तिथे चालूच ठेवलेली. चालू इंजिन बंद करायचं नाही, या एका नियमावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आणि आता सत्तरीत त्यांना अशा गाडीत बसवलंय, जी दर थांब्याला नेमका तोच नियम मोडते.

कल्पना तशी जुनी आहे. टोयोटाने १९७४ साली क्राऊन गाडीत हा प्रयोग केला होता. आपल्याकडे २००८ च्या आसपास महिंद्राने स्कॉर्पिओत 'मायक्रो हायब्रिड' असं भारदस्त नाव देऊन हेच आणलं. २०१४ मध्ये हिरोने स्प्लेंडरमध्ये आय-थ्री-एस आणलं आणि गावातल्या पोरांच्या हाताखाली त्याचं बटण आलं. त्यातली बरीच पोरं ते बंदच ठेवतात. मोटरसायकलवर ते निदान बंद केलं की बंद राहतं. माझ्या गाडीतही बटण आहे, 'ए' अक्षराभोवती गोल बाण, पण गाडी बंद करून पुन्हा चावी फिरवली की साहेब परत हजर!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. यूजरने निवडलेलं सेटिंग सेव्ह होत नाही हे बघून पहिल्यांदा मला तो चक्क बग वाटला. पण तो बग नाही. नव्या मॉडेलचं मायलेज प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या चक्रानुसार मोजतात. आपल्या मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकलमध्ये ११८० सेकंदांचं चक्र असतं, वेग ९० च्या वर जात नाही, आणि जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असते. त्या पाव वेळात इंजिन बंद राहिलं तर आकडा चांगला येणारच. म्हणजे डीफॉल्ट काय असावं हे ड्रायव्हरच्या नाही, परीक्षेच्या सोयीने ठरतं. परीक्षेपुरता अभ्यास करणाऱ्या आपल्या पिढीने तरी याला नावं ठेवू नयेत.

असो. नावं ठेवण्याआधी आकडे बघावेत म्हणून मी एक स्वस्तातलं ओबीडी डोंगल घेतलं आणि काही आठवडे मोजत बसलो. माझी गाडी एसीशिवाय उभी असताना तासाला साधारण ०.७ लिटर पेट्रोल पिते. वाकड ते हिंजवडी या महान रस्त्यावर इंजिन आठवड्याभरात मिळून तासभर तरी बंद राहायचं. म्हणजे आठवड्याला सत्तरेक रुपये. वर्षाला तीन-साडेतीन हजार. वाईट नाही. यातले काही पैसे अशा गाडीला लागणारी महागडी बॅटरी परत खाते, पण सगळे नाही. उलट पुण्याहून वरकुट्याला येताना सव्वाशे-एकशे तीस किलोमीटरमध्ये इंजिन मोजून चार वेळा बंद झालं, एकूण दोन मिनिटं. बचत अडीच रुपये. त्यात चहाचा कपसुद्धा येत नाही.

तेव्हा माझं धोरण ठरलं: पुण्यात चालू, गावाकडे बंद. अण्णा गाडीत असतील तर नक्कीच बंद, कारण त्यांचा जीव घाबरतो. फक्त दर वेळी आठवणीने बटण दाबायचं.

आणि गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी मी ते विसरलो.

अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा बारामतीत असतं. मंगळवार-गुरुवार धाकटा भाऊ नेतो, शनिवार माझा. दुपारी दोनची वेळ. मशीन ठरलेल्या वेळेला मिळतं आणि आपल्या मागे पुढचा पेशंट असतोच. त्या शनिवारी मी ऑन-कॉल होतो. सकाळी ऑफिसातून फोन, घरात लाइट नाही, लॅपटॉप मान टाकलेला. मग मी अंगणात गाडीत बसून दोन-अडीच तास काम केलं. लॅपटॉपसाठी गाडीत एक छोटा इन्व्हर्टर मीच बसवला होता. दोन वायरी, थेट बॅटरीच्या दोन टोकांना. फारच सोपं काम, कुणाला विचारायची गरजही वाटली नव्हती.

निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे... तुकोबांच्या पालखीचाच हा रस्ता. बेलवाडीच्या पुढे ऊस. एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यातली एक रस्त्यात आडवी झालेली. मी थांबलो, न्यूट्रल केलं, पाय उचलला. इंजिन बंद.

"बंद पडली काय रं?"

"नाही अण्णा, ते आपोआप..." म्हणत मी क्लच दाबला. टिक. एवढाच आवाज. चावी फिरवली. टिक टिक टिक. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले. घड्याळात एक वाजून पंचवीस. समोरची रांग हलायला लागली होती आणि मागून हॉर्न सुरू झाले होते.

मला घाम फुटला. अण्णा मात्र एकदम शांत. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते शेवटी घडलं, असा काहीसा चेहरा. फिस्टुलाचा डावा हात मांडीवर जपून ठेवलेला, उजव्याने काच खाली करून त्यांनी ऊसतोडीच्या दोघा-तिघांना हाक मारली. "पाव्हणं, जरा धक्का द्या की!" मग माझ्याकडे वळून, "चावी पुढं फिरवून ठेव. दुसऱ्यात टाक. क्लच दाबून धर. मी म्हनलो की सोड."

बीडकडची माणसं होती. "दादा, पेट्रोल संपलं का?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मागे लागलीसुद्धा. गाडी हलली, वेग आला. "आता!" मी क्लच सोडला, एक हिसका बसला आणि इंजिन लागलं. आभार मानायला मी ब्रेककडे पाय नेला तर अण्णा ओरडले, "थांबू नको येड्या!" त्यांनीच खिडकीतून हात बाहेर काढून रामराम केला. मी पहिलं काम केलं ते 'ए'चं बटण दाबण्याचं.

पोचायला अडीच झाले. मशीन मिळालं, पण पुढचा पेशंट येऊन बसलेला, त्यामुळे चारऐवजी साडेतीन तास. अर्धा तास म्हणजे फार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. रविवारी संध्याकाळी अण्णांच्या पायांवर बोट दाबलं तर खळगा राहत होता. मंगळवारपर्यंत आई त्यांना पाणी वाटीने मोजून देत होती.

अण्णा आत असतानाच मी बॅटरीवाल्याकडे गेलो होतो. त्याने बॉनेट उघडलं, माझ्या दोन वायरी बघितल्या आणि म्हणाला, "हे कुणी केलंय?" मी गप्प. निगेटिव्ह टर्मिनलवर काडेपेटीएवढा एक सेन्सर असतो. बॅटरीत किती गेलं, किती आलं याचा हिशोब तो ठेवतो, आणि बॅटरी कमजोर असेल तर गाडी इंजिन बंदच करत नाही. पण तो हिशोब त्याच्यातून जाणाऱ्या करंटचा. मी अर्थची वायर सेन्सरच्या पलीकडे, थेट बॅटरीच्या टोकाला जोडली होती. सकाळभर लॅपटॉपने खाल्लेलं त्याला दिसलंच नाही. त्याच्या वहीत बॅटरी भरलेली होती. प्रोग्रॅम बरोबर होता, इनपुट मी चुकवलं होतं. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मी हेच तर ऐकवत असतो. त्याने अर्थची वायर काढून बॉडीला दिली, चार वर्षं जुनी बॅटरीही बदलली. पुन्हा तशीच खास, महागडीच. साधी बसवून ते प्रकरण कायमचं बंद ठेवायचा मोह झाला होता, पण वाकडचा रस्ता आठवला.

परत येताना अण्णांनी विचारलं, "काय झालं व्हतं गाडीला?" मी म्हणालो, "बॅटरी." तेही खरंच होतं. पण त्यांच्या मनात दोष गाडीच्या त्या आपोआप बंद होण्यावर गेला, आणि मी तो जाऊ दिला. भावालाही हेच सांगितलं. पुढचे दोन शनिवार हे घशात अडकल्यासारखं होतं. तिसऱ्या शनिवारी लासुर्ण्याच्या पुढे आल्यावर सांगून टाकलं. लॅपटॉप, इन्व्हर्टर, वायर, अर्धा तास, सगळं.

अण्णा बराच वेळ बाहेर उसाकडे बघत होते. मग म्हणाले, "आमी बी रामायण बघायला ट्रॅक्टरची बॅटरी टीव्हीला लावायचो की. ऐतवारी समदी आळी गोळा. मग सोमवारी सकाळी समद्या आळीनंच ट्रॅक्टर ढकलायचा."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा उसाची रांग लागली. मी थांबलो. इंजिन चालूच होतं. अण्णांनी वाकून डॅशबोर्डकडे बघितलं आणि विचारलं, "आज बंद न्हाय पडली ती?"