गॅलरीतला तारा

नाशिकमध्ये भाड्याचा फ्लॅट शोधायला निघालात की ब्रोकर तीन गोष्टी विचारतो. फॅमिली आहे का, नॉनव्हेज खाता का आणि आडनाव काय. आमचं आडनाव अस्सल मराठी. ते ऐकल्यावर पुढचं कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी इंदिरानगरमधला फ्लॅट बघताना मालककाकांनी मात्र सहज विचारलं, "गणपती दीड दिवसाचा की पाच?"

"आमच्याकडे नसतो," मी म्हणालो.

"अच्छा, गावी असतो."

मी मान हलवली. फ्लॅट मिळाला.

रिक्षात आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पेत्राने तीनदा नाकारलं होतं. तुझे अजून दोन शिल्लक आहेत."

आजी शरणपूरची. आज शरणपूर रोड म्हटलं की लोकांना सिग्नल आणि दुकानं आठवतात. पण १८५०च्या दशकात मिशनऱ्यांनी तिथे ख्रिस्ती झालेल्यांसाठी वस्ती उभी केली. घरच्यांनी आणि गावाने टाकलेल्यांना शरण मिळावी, म्हणून शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही तिथे शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३मध्ये डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. पुढे लंडनला त्यांच्या अंत्ययात्रेतही तो होता. नाशिकच्या शाळेत शिकलेला मुलगा!

आमच्या घरात मात्र एवढं ऐतिहासिक काही घडत नाही. रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद होतो. आई 'उपासना संगीत' उघडते. ना. वा. टिळकांचं एखादं गीत होतं, बाबा शास्त्रपाठ वाचतात आणि आजी प्रार्थना करते. तिच्या प्रार्थनेत सगळी सोसायटी येते. खालच्या काकूंचे गुडघे, वॉचमनच्या पोराची दहावी, पाण्याचा टँकर. पावसाळ्यात तीही इतर नाशिककरांसारखी विचारते, "गंगेला पाणी किती? दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" तिच्यासाठी गोदावरी म्हणजे गंगाच.

डिसेंबर लागला. आजीने कागदी तारा काढला, पुसला आणि मला म्हणाली, "गॅलरीत लाव."

"हॉलमध्ये लावू ना. आतून छान दिसेल."

तिला सगळं कळलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, जलालपूरच्या. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला. लोक काय म्हणतील, सोवळ्याचं काय, रडली किती, भांडली किती, सगळं तिने 'स्मृतिचित्रे'त लिहून टाकलं. १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला, तेही लिहिलं. तिने लपवलं नाही. तुला एक तारा लावता येईना?"

तारा गॅलरीत लागला.

चौथ्या दिवशी काका नळ दुरुस्त करायला प्लंबर घेऊन आले. वर बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "काका, आम्ही ख्रिस्ती आहोत. गावीही गणपती नसतो."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तरी फ्लॅट दिला असता."

आजीने करंज्या पुढे केल्या. त्यांनी दोन खाल्ल्या, चार घरी नेल्या. ११ महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंटही वाढवून दिलं.

पण त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. खरंच दिला असता का? मला कधीच कळणार नाही, कारण मी त्यांना विचार करायची संधीच दिली नव्हती. त्यांनी मला नाकारायच्या आधी मीच स्वतःला नाकारलं होतं. आणि वर त्यांनाही संकुचित ठरवून मोकळा झालो होतो.

आता त्यांची मुलगी परत येतेय, तिला फ्लॅट हवाय. आम्ही पुन्हा शोधतोय. यावेळी ब्रोकरने आडनाव विचारलं, की मी आडनाव सांगतो आणि लगेच म्हणतो, "शरणपूरचे ख्रिस्ती." एका ब्रोकरने त्यानंतर फोन उचलला नाही. दुसऱ्याने विचारलं, "बरं. पार्किंग एक की दोन?"

उद्या तो फ्लॅट बघायला जायचंय. आजी म्हणते, आधी गॅलरी बघ.