पाली ते रांजणगाव : घडीचे शास्त्र

प्रवासात कपड्यांवर पडणाऱ्या सुरकुत्यांचे खापर बहुधा पिशवीतल्या दाटीवर फोडले जाते. परंतु दाब हे त्यांचे अर्धेच कारण असून उरलेले अर्धे हवेतल्या ओलाव्यात असते, आणि अष्टविनायकाच्या यात्रेत ते विशेष स्पष्टपणे दिसते. शास्त्रोक्त क्रमाने निघालेला यात्रेकरू मोरगाव आणि सिद्धटेक करून घाट उतरतो, पाली व महड येथील दमट हवेत वावरतो, पुन्हा घाट चढून थेऊर, लेण्याद्री आणि ओझर करीत आठव्या स्थानी, म्हणजे शिरूर तालुक्याच्या कोरड्या, पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात असलेल्या रांजणगावच्या महागणपतीपुढे येतो. पालीला पडलेली चुणी रांजणगावी पक्की होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

सुती धागा सेल्युलोज या पदार्थाच्या लांबच लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि या साखळ्या हायड्रोजन बंध नावाच्या दुबळ्या पण असंख्य दुव्यांनी एकमेकींना धरून असतात. कापड दुमडले की घडीच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात व आतल्या अंगाचे दबतात. हवा दमट असेल तर तंतूत शिरलेले पाणी हे दुवे सैल करते, साखळ्या सरकतात, आणि पुढे कोरड्या हवेत पाणी निघून गेले की दुवे नव्या जागी पुन्हा जुळून दुमडलेला आकारच कापडाचा आकार होऊन बसतो. इस्त्रीही नेमके हेच करते, फक्त तिच्या हाताखाली साखळ्या सपाट स्थितीत जुळतात.

कोणते कापड किती ओलावा धरते, हे त्याच्या कोरड्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत सूत सुमारे ८, रेशीम ११, लोकर १६ आणि पॉलिएस्टर अवघा ०.४ टक्का पाणी धरते. लोकर एवढे पाणी पिऊनही सहसा चुरगळत नाही, कारण तिचे तंतू मुळातच नागमोडी व लवचीक असून दाब निघताच उसळी घेतात. पॉलिएस्टरची गोष्ट वेगळी : १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला, टेरिलीन या नावाने घरोघरी पोचलेला हा तंतू सुमारे ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढेच मऊ पडतो, म्हणून दमट हवेची त्याला फिकीर नसते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या कामगाराचा सूत-पॉलिएस्टर मिश्रणाचा गणवेश दिवसअखेरही नीटस दिसतो तो यामुळे. घामाच्या दृष्टीने मात्र तो सुखाचा नाही, हेही नोंदवले पाहिजे.

घडीपेक्षा गुंडाळी बरी, कारण गुंडाळीत कापड तीक्ष्ण कोनात न मोडता मोठ्या वळणाने वळते, त्यामुळे तंतूंवरचा ताण कमी राहतो. हे ज्ञान अंथरुणाची वळकटी बांधणाऱ्या पिढ्यांना पुस्तकाविना होते, जरी त्यांचा हेतू जागा वाचवण्याचा असला तरी. भरपूर खळ दिलेला सदरा पिशवीत घालणे सर्वांत वाईट, कारण खळीने ताठ झालेले कापड वळत नाही, मोडते. त्याहून घातक सवय ओल्या पंचाची आहे : पहाटेच्या स्नानानंतर तो पिळून इतर कपड्यांत कोंबला की त्याचा ओलावा सगळ्या पिशवीत पसरतो आणि पुढच्या प्रवासात प्रत्येक घडीची रेघ उमटते. तो पंचा गाडीच्या खिडकीशी वाळताना फारसा शोभत नसेल, पण त्याची जागा तीच.

मुक्कामी इस्त्री नसेल तर कपडा हलका ओला करून, हाताने ताणून, टांगून पूर्ण वाळू द्यावा. अर्धवट ओला अंगात घातल्यास गुडघ्यामागे आणि पाठीवर नव्या चुण्या उमटतात. गादीखाली पायजमा ठेवण्याची जुनी युक्ती यशस्वी होते, कारण तिथे दाब, झोपणाऱ्याची ऊब आणि किंचित दमटपणा हे तिन्ही घटक रात्रभर एकत्र येतात.

अभिषेकासाठी नेलेला रेशमी कद आणि पैठणी यांचा प्रश्न निराळा आहे. रेशीम कोरडे असताना बऱ्यापैकी सावरते, ओले झाल्यावर नाही. जरीचे मात्र तसे नाही, कारण पारंपरिक जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची पातळ पट्टी, आणि धातू एकदा वाकला की आपणहून सरळ होत नाही, त्याच रेघेवर वारंवार वाकवल्यास तुटतो. म्हणून पैठणी मऊ सुती कापडासह सैल गुंडाळून न्यावी आणि परतल्यावर कपाटात ठेवतानाही दर काही महिन्यांनी उलगडून वेगळ्या रेघेवर दुमडावी. नवे वस्त्र प्रथम नेसण्याला मराठीत घडी मोडणे म्हणतात. जरीच्या वस्त्राची घडी, ते नेसले नाही तरी, अशी अधूनमधून मोडत राहावी लागते.